सहा वर्षं जगलेली मुलगी

डॉक्टर, तुमचे बिस्किटांचे डबे गेल्या वर्षी एकदाचे माझ्या पोटमाळ्यावरून खाली उतरले. अकराच्या अकरा. तुम्ही गेल्यापासून मी दोन घरं बदलली, आणि दोन्ही वेळा टेम्पोवाल्याला "हळू रे बाबा, काचेचं सामान आहे" अशी थाप मारून ते हलवले. आत लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींचे तुकडे मेणात बसवून ठेवलेत असं सांगितलं असतं तर तो डबे रस्त्यात टाकून पळाला असता. आता एक तरुण डॉक्टरीणबाई ते घेऊन गेल्या. याच गाठींवर त्यांचं संशोधन चालतं, कोणती गाठ रक्तातून येते, कुणाला कोणतं औषध लागू पडेल, असं सगळं. पावती घेतलीय, उगाच चिडचिड करू नका. चिडायची पाळी आज माझी आहे. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली, मी स्वतः कधीची रिटायर होऊन नातवाचा डबा भरतेय, आणि तरी काल चांदवडहून परत येताना मला तुमचा असा काही राग आला की घरी आल्यावर चहासुद्धा न घेता लिहायला बसले.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मी तुमच्या लॅबमध्ये लागले. लॅब म्हणजे काय, रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, वर पत्रा, आणि जिन्यापासून नाकात जाणारा फॉर्मालिनचा वास. पहिल्या महिन्यात माझ्या वेणीलाही तो वास लागला आणि बसमध्ये बायका सरकून बसायला लागल्या. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा बाटलीतून यायचा, तो आपण मेणात बसवायचा, मशीनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, आणि तुम्ही सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून पाहून सांगायचं की ही गाठ कसली. आतड्याचे, स्तनाचे, मानेचे, सगळे तुकडे यायचे, पण मुलांच्या मेंदूचा आला की तुम्ही सकाळचा चहा तसाच ठेवून द्यायचात. त्यांचा मेणाचा ठोकळा काम झाल्यावर इतरांसारखा टाकायचा नाही, डब्यात ठेवायचा, असा तुमचा हुकूम. एकदा माझ्या हातून दोन ठोकळ्यांचे नंबर उलटसुलट झाले. तुम्ही ओरडला नाहीत, ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "बाई, तुमच्यासाठी हा मेणाचा तुकडा असेल. हे कुणाचं तरी लेकरू आहे. घरच्यांनी ते एकदा घालवलंय, आपण नंबर चुकवून परत घालवायचं नाही." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

तुमच्या डोक्यात एक किडा होता, आणि तो मला तोंडपाठ होता. ही गाठ काही घराण्यांत रक्तातून येते, आईबापांकडून मुलांत उतरते, असं तुम्हाला वाटायचं. त्यासाठी तुम्हाला एक घर हवं होतं, ज्यात दोन सख्ख्या भावंडांना ही गाठ झालीय. "एका घरात दोन सापडू द्या, बाई, मग मी सांगतो सगळ्यांना." मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला हसून वाटेला लावलं होतं. म्हणून तुम्ही जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर वंशावळी काढत बसायचात, मुलाला चौकोन, मुलीला गोल, गाठ झाली की तो काळा. सगळ्या वंशावळींत एकच गोल किंवा एकच चौकोन काळा. दुसरा काळा होईचना. आणि होणार कसा? तुम्ही विचारायचात काय, तर "घरात मुलं किती?" अहो, आपल्याकडे कुणी गेलेलं मूल मोजतं का? आणि आजारी पोर समोर बसलेलं असताना मेलेल्याचं नाव कोणती आई तोंडातून काढेल? मी तुम्हाला चारदा सांगितलं की बाईला बाजूला घ्या आणि विचारा, "किती वेळा बाळंत झालात?" तुमचे कान लाल. "ते विचारणं बरं दिसत नाही." मग मी विचारते म्हटलं, तर तेही बरं दिसत नव्हतं. मेंदू चिरलेला पाहायला लाज नाही, आणि बाळंतपण विचारायला लाज. तुमच्यापुढे मी हात टेकले होते, खरंच.

आणि ते डबे माझ्या घरी आले कसे, ते तरी आठवतं का? एका मे महिन्यात पत्रा असा तापला की मेण मऊ पडायला लागलं. ठोकळ्यांच्या कडा बोटाने दबत होत्या. तुम्ही इकडे तिकडे पाहिलंत आणि मला विचारलंत, "बाई, तुमचं घर तळमजल्यावर ना?" झालं. रिक्षात डबे मांडीवर घेऊन मी चाळीत आले आणि स्वयंपाकघरात माठाशेजारी, सगळ्यात गार कोपऱ्यात, ते रचले. आईने झाकण उघडून पाहिलं, विचारलं, आणि मी वेडी, खरं ते सांगितलं. "अगं बया! मेलेल्या लेकरांची डोकी आणलीस का माझ्या चुलीपाशी? त्या डॉक्टरला घर नाही का स्वतःचं?" दोन दिवस तिने त्या कोपऱ्याकडे पाठ करून भाकऱ्या थापल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची बुद्धवंदना झाल्यावर तिने मेणबत्ती उचलून डब्यांपासून लांब ठेवली, का तर आतलं मेण वितळेल. त्यानंतर दर उन्हाळ्यात "लेकरं आणलीस का?" असं तीच विचारायची. तुम्ही तिला कधी साधा धन्यवाद दिला नाहीत. मला मात्र त्या वर्षी दिवाळीला पेन दिलंत, बारीक निबचं, आणि स्पिरिटने न पुसणारी काळी शाई. "लेबलं यानेच लिहायची. एकदा लिहिलं की गेलं नाही पाहिजे." ते पेन मी अजून वापरते. शाई दुसरी.

आता मुद्द्यावर येते. मुंबईहून पंधरवड्याला मेंदूचे एक सर्जन ऑपरेशनं करायला यायचे, लॅबच्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात. त्यांनी चार लोकांत तुम्हाला "मेलेल्यांचा डॉक्टर" म्हटलं आणि तुम्ही त्यांच्याशी बोलणं सोडलंत. सात वर्षं! त्यांच्या चिठ्ठीवर नाव, गाव आणि वय एवढंच असायचं, आणि तुम्ही चिठ्ठी वाचून चरफडायचात, पण फोन उचलून विचारायचा नाहीत. मी एकदा उचलला तर माझ्या हातातून काढून ठेवलात. त्या एका फोनपायी पुढचं सगळं झालं असं मी म्हणते. तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही दुसऱ्यावर ढकलताय. थांबा, येतेच त्यावर.

एका सकाळी चांदवडकडचा एक माणूस बाटली घेऊन आला. शेतकरी, डोक्यावर टोपी, दोन रात्री न झोपलेला. मी चिठ्ठी पाहिली आणि मला नाव ओळखीचं वाटलं. पेशंटांच्या कार्डांचं कपाट उघडलं, जुनं कार्ड निघालं. तेच मुलीचं नाव, तोच बाप, तेच गाव, तीच गाठ, सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. मी कार्ड त्याच्यासमोर धरून मुलीचं नाव वाचलं आणि विचारलं, "हिचं आधी ऑपरेशन झालंय ना?" तो म्हणाला, "झालंय की." "दुष्काळातला जन्म?" "व्हय." मग चिठ्ठीवर "वय ५" कसं? तुमचंच वाक्य मला आठवलं, गावाकडचं वय विश्वासाचं नाही, वय आपण काढायचं. आणि त्या सर्जनचा असिस्टंट तर कुणाचंही काहीही वय ठोकायचा. मी चिठ्ठीवरचा पाच खोडला. सात आणि सहा तेरा. जुन्याच कार्डावर, तुम्ही दिलेल्या पेनाने, न पुसणाऱ्या शाईने मी तेरा लिहिले, आणि पुढे, "गाठ परत आली." मुलगी चार पावलांवरच्या दवाखान्यात पडली होती. खाली उतरून एकदा नजर टाकली असती तर कळलं असतं की ती पाच वर्षांची चिमुरडी आहे. पण मशीनवर काप अर्धवट होते, आणि मला काय ठाऊक.

तुम्ही दुर्बिणीतून पाहिलंत, गाठ तीच. मग कार्ड हातात घेतलंत आणि तुम्हाला काय झालं ते मी कधी विसरणार नाही. "सहा वर्षं, बाई! ही सहा वर्षं जगली!" तेव्हा ही मुलं वर्ष काढायची नाहीत. मुंबईला नेऊन कोबाल्टच्या किरणांनी डोकं शेकायचं, केस जायचे, ओकाऱ्या व्हायच्या, आणि निम्मे आईबाप "मरायचंच आहे तर घरी मरू दे" म्हणून नेतच नसत. आणि इथे एक शेतकऱ्याची मुलगी सहा वर्षं जगलेली! तुम्ही अनवाणी जिना उतरलात आणि स्वतः जिलबी आणलीत, जन्मात पहिल्यांदा. कार्ड कपाटातून तुमच्या टेबलाच्या खणात गेलं. त्या दिवसापासून जो बाप जिन्यावर बसून रडेल त्याला तुम्ही वर बोलवायचात, खण उघडायचात आणि सांगायचात, "हे पाहा, एक मुलगी सहा वर्षं जगलीय. मुंबईला न्या. आजच न्या."

तीन-चार महिन्यांनी एक बाई आली. दुपारची वेळ, तुम्ही आतल्या खोलीत. कडेवर सहा महिन्यांची मुलगी, पायात चपला नाहीत. म्हणाली, "ताई, माझ्या पोरींचे कागद द्या. दोघींचे बी."

मी म्हटलं, "दोघी कोण?"

"थोरली अन् मधली. दोघी बी त्याच दुखण्यानं गेल्या. हिच्या आधीच्या." तिने गाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं. मग मुलींचं नाव सांगितलं, एकच.

ती मला समजावल्यासारखी सांगत होती, "थोरलीच्या पाठीवर चहा सांडल्यावानी डाग व्हते. पाच-सहा. ती गेली अन् वर्साच्या आत ही झाली, तर हिच्या अंगावर बी तसेच डाग. आम्ही म्हणलं, तीच परत आली. मंग नाव बी तेच ठिवलं. हिचे बाप तर तिला दुसरी म्हणायचेच नाय." मग आवाज बारीक करून म्हणाली, "सासू म्हणती, माझ्या कुशीतच किडा हाय. सासू परकी नाय ओ, माझी सख्खी आत्या. तिच्याच पोराला दिली मला. आता बारशाला मला कुणी बोलवीत नाय, पाळण्याला हात लावू देत नाय. तुमच्या कागदावर काय लिवलंय ते पाह्यचं हाय. मोठ्या डॉक्टरची सही असंल तर आत्या मानंल."

ऐकलंत का डॉक्टर? आत्याच्या मुलाशी लग्न, दोन्ही बाजूंनी एकच रक्त, दोन सख्ख्या बहिणी, दोघींच्या अंगावर सारखे डाग. तुम्ही बारा वर्षं कॅलेंडरांच्या पाठी काळ्या करून जे घर शोधत होता ते घर स्वतःच्या पायाने चालत आलं होतं आणि तुमच्यापासून एका दाराच्या अंतरावर उभं होतं. तुम्हीच मला एकदा परदेशी पुस्तकातलं चित्र दाखवलं होतंत की असे चहाच्या रंगाचे डाग आणि मेंदूतली गाठ कधीकधी जोडीने येतात. ज्या डागांवरून आजार ओळखायचा, त्यावरूनच घरच्यांनी पोर परत आली असं मानलं. आणि मी त्या दोघींची एक मुलगी करून टाकली होती. मी कडेवरच्या मुलीचं झबलं वर करून पाठ पाहिली. स्वच्छ होती. "परवा या," मी म्हटलं, "मी कागद करून ठेवते. सहीचा."

त्याच दिवशी आत आले. "डॉक्टर, त्या चांदवडच्या मुलीचं—" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बाई, आजचे काप जाड आलेत." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी परत. "डॉक्टर, ते कार्ड चुकीचं—" "कार्डं चुकीची असणारच, तो सर्जन वय तरी धड लिहितो का?" आणि पुढे अर्धा तास त्या सर्जनची उजळणी. माणसाने ऐकून घ्यायचं म्हणजे किती कठीण! तिसऱ्या दिवशी मी ठरवूनच आले, कार्ड हातात घेऊन उभी राहायचं आणि बोलायचंच. तर तुमच्यासमोर नामपूरचा एक बाप बसलेला. त्याचा मुलगा आठ वर्षांचा. तो म्हणत होता, "साहेब, खरं सांगा, कुणी वाचलंय का यातून? बायको म्हणते, पोराचे हाल करू नका." तुम्ही खणात हात घातलात, कार्ड नव्हतं, ते माझ्या हातात होतं. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "या बाईंना विचारा. यांनी स्वतः नोंद केलीय. सांगा बाई, सहा वर्षं जगली की नाही?"

तुम्ही माझ्याकडे असे बघत होता, कौतुकाने. तो बापही बघत होता. मी म्हटलं, "हो. सहा वर्षं."

झालं. त्यानंतर कोणत्या तोंडाने सांगणार होते? दुपारी ती बाई आली तेव्हा मी तिला म्हटलं की तुमचा दोष नाही, तुम्ही हे मनातून काढून टाका. तिने विचारलं, "कागद?" मी म्हटलं, डॉक्टर गावाला गेलेत. तुम्ही आत खोकत होता. तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती जिना उतरली. मी टेक्निशियन, माझ्या सहीला कोण विचारतो? सही तुमची हवी होती, आणि तुमच्या सहीसाठी तुमची ती मुलगी मारावी लागली असती. रोज वाटायचं, उद्या सांगू. तुम्हीही काय, वर्षाच्या आत खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. दुर्बिणीचा दिवा चालू होता. मला सांगायचंय हे माहीत असून गेल्यासारखे गेलात. लॅब विकली, नवा मालक डबे भंगारात काढत होता, मी रिक्षा करून ते कार्डांसकट घरी आणले. आई म्हणाली, "आता कायमचीच का?"

तिसरीचं मात्र मी सोडलं नाही, एवढं तुम्हाला कळू दे. दरवर्षी दिवाळी झाली की चांदवडची एस.टी. धरायची, पुढे दोन कोस चालायचं. तिची पाठ पाहायची, अंगणात कोळशाने रेघ ओढून तिला त्यावरून चालायला लावायचं, सकाळी ओकते का विचारायचं. तोल गेला की समजायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. गावाला वाटायचं मी सरकारी ताई, डोस पाजायला येते. चौदा वर्षं केलं हे. ती हसत हसत रेघेवरून पळायची आणि माझा जीव तिच्या टाचांत अडकलेला असायचा. आत्याबाई ओट्यावरून सगळं बघायच्या आणि विचारायच्या, "कागद आणला का?" आणि नामपूरचा तो बाप दोन वर्षांनी, मी नव्या मालकाकडे काम करत असताना, कांद्याची गोणी घेऊन लॅबवर आला. मुलगा सोबत, एक पाय थोडा ओढत चालणारा, डोक्यावर मागे केस विरळ, पण चालणारा. तुमचा पत्ता विचारत होता. यावर मी काय म्हणू, सांगा ना! तुमच्या न झालेल्या मुलीच्या जिवावर तो जगला. मला हसावं की रडावं ते कळेना. कांदे आम्ही वर्षभर खाल्ले.

तर त्या डॉक्टरीणबाई. चांदवडच्या दोन बहिणींचं मी त्यांना सांगितलं, घराचा पत्ता दिला. त्यांनी दोन्ही ठोकळे घेतले, आईचं आणि तिसरीचं रक्त घेतलं, आणि कित्येक महिन्यांनी निकाल आला. ठोकळे दोन वेगळ्या मुलींचे. दोघींना एकच दोष, अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून, दोन अर्धे एकत्र आले की गाठ होते. तिसरीला एकाच बाजूचा मिळाला म्हणून ती सुटली, मात्र अर्ध्या दोषानेही मोठेपणी आतड्यात गाठ होऊ शकते, म्हणून तिला पोटाची तपासणी नेमाने करावी लागेल. तुमचं खरं होतं, डॉक्टर, अगदी खरं, अक्षरशः तुम्ही म्हणायचात तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता असं घर सापडलं की बाकीच्या भावंडांचं डोकं ठरल्या वेळी मशीनमध्ये तपासतात, गाठ वाटाण्याएवढी असताना पकडतात, आणि या दोषाच्या मुलांना नेहमीची काही औषधं लागू पडत नाहीत, दुसरी पडतात. हे सगळं तेव्हा नव्हतं. पण सही होती. तुमचा हात होता, पेन होतं.

काल आम्ही दोघी कागद घेऊन त्या घरी गेलो. बाई आता सत्तरीची, गुडघ्यांनी बसलेली. तिसरी शाळेत शिकवते, स्कूटरवरून आली आणि माझ्याकडे बघून आईला म्हणाली, "आल्या रेघवाल्या मावशी." डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं, दोघांकडून आलं, कुणा एकीचा दोष नाही. ती ऐकत होती. मग माझ्याकडे वळली आणि फाडकन म्हणाली, "आता आणलाय व्हय कागद? आत्या मरून पंधरा वर्सं झाली. अन् हिचा बाप बी गेला. दाखवू कुणाला?" तिने कागद मांडीवर पसरला. वाचता येत नाही तिला. बोट फिरवून विचारलं, "पोरींचं कुठं लिवलंय?" लेकीने दाखवलं. "दोन ओळी हायेत?" "हो आई, दोन." तिने दोन्ही ओळींवर बोट फिरवलं, एकीवर, मग दुसरीवर. "मंग दोघीच व्हत्या," ती म्हणाली, आणि पदर तोंडात धरून अशी रडली की मी उठून अंगणात गेले. रेघ केव्हाचीच पुसलेली, आता तिथे फरशी आहे.

परत येताना डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून ते जुनं कार्ड आणि त्याला टाचलेली चिठ्ठी काढली. हे सगळं त्यांना लिहून छापायचंय, तुमचं नाव आदराने घालणार आहेत. म्हणाल्या, "एक कळत नाही, मॅडम. चिठ्ठीवर स्वच्छ पाच आहे. खोडून तेरा कुणी केले?"

डॉक्टर, चांदवडपासून नाशिकपर्यंत पुष्कळ रस्ता होता. सांगायला वेळ भरपूर होता. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "डॉक्टरांनी. अक्षर त्यांचं आहे."

त्या हळहळल्या. "एवढा बारकाईचा माणूस, आणि असं कसं केलं?"

मी म्हटलं, "घाईत असतील." तुम्ही उभ्या जन्मात कधी घाई केली नाहीत.

हे पत्र मी तुम्हाला पाठवणार कुठे? खरं तर ते त्यांना पाठवायला हवं. त्यांचा पत्ता पावतीवर आहे, पावती समोर आहे. मघापासून मी ती दोनदा उलटी करून ठेवली.